चवथीनंतर काढणे

रायबंदरच्या धक्क्यावर
पावणेनऊची फेरीबोट सुटता सुटता चढलो,
खांद्याला लॅपटॉप, आणि फोनवर
पतसंस्थेच्या जयवंतीबाई कुंडईकर:
"दिवे सगळे हिरवे आहेत हो,
तरी मशीन म्हणतं, मुख्य शाखा सापडत नाही."

हिरव्या दिव्यावर मी विश्वास ठेवत नाही.
दिवा एवढंच सांगतो
की तार शेजाऱ्यापर्यंत पोचली.
शेजारी पुढं काय करतो, दिव्याला काय ठाऊक.

चोडणची शाखा म्हणजे दोन खोल्या,
आणि कपाटावर, कॅलेंडरामागं
धूळ पांघरून बसलेला राउटर.
बाकावर रोझालीन मावशी, हातात पासबुक,
पायाशी पिशवी. पिशवी हलत होती.
"कुर्ल्यो," त्या म्हणाल्या, "बेगीन कर बाबा,
मेल्यार कोण घेतलो?"

मी जमिनीवर बसून हाक मारली.
पिंग म्हणजे हाकच, दुसरं काय,
आहेस का, आहेस का.
चारदा विचारलं.
चारदा वेळ संपली.

मग टप्पे मोजले.
पहिला हे कपाट. दुसरा टेकडीवरचा टॉवर.
तिसऱ्या जागी तारका,
चौथ्या जागी तारका,
पुढं पडदाभर तारका,
आणि बाहेर लख्ख सकाळ.

केबल बदलली. राउटर बंद केला, चालू केला.
हे मी उगाच करतो, बघणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून.
रायबंदरला सांतानला फोन लावला.
तो म्हणाला, "थांब, कन्सोलची वायर शोधतो."
सांतानचं शोधणं म्हणजे अर्धा तास.

खिडकीबाहेर खाजन, बांधावर मानस.
ओहोटीला तिच्या फळ्या उघडतात,
भरती आली की पाणीच त्या लोटून मिटवतं.
जाऊ देते, येऊ देत नाही.
तिला तसंच घडवलंय.
माझ्या जाळ्याला मी तसं घडवलं नव्हतं.

"हाक येते रे," सांतान म्हणाला,
"एकूण एक येते. मी जबाबही देतोय."
"कुणाकडे देतोयस?"
गप्प.
मग त्यानं मार्गांची यादी वाचायला घेतली,
एकेक आकडा सावकाश, लिटनी म्हटल्यासारखा,
आणि चोडणच्या ओळीपाशी अडखळला.
पुढचा टप्पा म्हणून तिथं
जुन्या गोदामातल्या डब्याचा पत्ता.

म्हणजे तीन वर्षं
हाक टॉवरवरून जात होती
आणि उत्तर गोदामातून, नदीवरून,
या छपरावरच्या गंजक्या छत्रीत उतरत होतं.
जाताना एक बोट, येताना दुसरी,
आणि कुणाला पत्ता नाही.
काल संध्याकाळी गोदामाची वीज तोडली.
डबा विझला, ओळ तशीच राहिली,
निघून गेलेल्या भाडेकरूच्या नावानं
पत्रं टाकत बसलेल्या पोस्टमनसारखी.

"शेरा आहे खाली," सांतान म्हणाला. "वाचू?
तात्पुरतं. चवथीनंतर काढणे."

शब्द माझे.
त्या वर्षी माटोळीचं सामान आणायला
साडेचारची बोट गाठायची होती.
त्यानंतर तीन चवथी झाल्या,
तीनदा गणपती बसले, तीनदा पोचवले.

एक ओळ पुसली, एक लिहिली.
आणि जतन केली, दोनदा.
अकरा मिलिसेकंदांत उत्तर आलं,
बारा, अकरा, अकरा.
आत पासबुकाचा प्रिंटर करकरला,
रोझालीन मावशी पिशवी उचलून
पैसे न मोजताच धक्क्याकडे धावल्या.

"चूक कुणाची होती?" जयवंतीबाईंनी विचारलं,
रजिस्टर उघडून, पेन धरून.
"जुनी नोंद राहिली होती," मी म्हणालो.
मराठी सोयीची भाषा आहे,
कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं.

त्यांनी तसंच लिहिलं.
मग अंगणात येऊन वर बघत म्हणाल्या,
"ती छत्री आता काढायची ना?"
छत्रीवर कावळा. खालच्या डबीत
बारीक हिरवा दिवा, अजून रायबंदराकडे तोंड करून.
बोटीचा भोंगा झाला.

"काढू की," मी चालता चालता म्हणालो,
"चवथ होऊ दे."